वैद्यक, विधी आणि संमतीची भाषा : हिंगोलीच्या निमित्ताने

अमेरिकेतील काही विद्यापीठांत जैवनीतिशास्त्राची पदवी आणि विधीची पदवी या दोहोंचा जोडअभ्यासक्रम चालतो व सात वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत पुरा होतो. आपल्याकडेही पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाशेजारी पाच वर्षांचा एकात्मिक विधी अभ्यासक्रम 1980 नंतरच्या दशकात रूढ झाला. त्यातही एक वर्ष वाचते. अशी जोडणी मराठवाड्यात व्हावी काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. परंतु त्याचे उत्तर वर्षांच्या हिशेबात नसून इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 साली आणि शासकीय विधी महाविद्यालय 1855 साली निघाले. ही दोन्ही शास्त्रे पुढे वेगवेगळ्या छपरांखाली वाढली. त्यांना जोडणारा पूल एकच, तो न्यायवैद्यकाचा. जयसिंग मोदी यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ 1920 सालचा आहे. मात्र न्यायवैद्यकाचा मुख्य भर मृत्यूचे कारण, जखम व विष यांवर, म्हणजे न्यायालयाला हव्या असलेल्या पुराव्यावर होता. जिवंत रोग्याला काय सांगितले आणि त्याने कशास होकार दिला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत क्वचितच येई.

तो प्रश्न आपल्याकडे विद्यापीठांनी नव्हे, तर न्यायालयांनी आणि चळवळींनी पुढे आणला. जोशी विरुद्ध गोडबोले या पुण्यातील शस्त्रक्रियागृहातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली वैद्याची त्रिविध कर्तव्ये सांगितली : रोगी स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही बाबतींत दक्षता हवी. 1988 साली गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा 1994 सालचा. पुढे 2008 साली, बेशुद्ध स्त्रीच्या आईची संमती घेऊन केलेल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबाबत, निदानासाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेस पुरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

आता हिंगोलीकडे वळू. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची व कचेरीची भाषा झाली. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक आणि विधी हे दोन्ही विषय उर्दूतून शिकविले व त्यासाठी भाषांतरखाते चालविले. देशी भाषेत उच्च विद्या शिकविता येते, हे त्या प्रयोगाने दाखविले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या मराठी कुणब्याच्या दृष्टीने ती भाषाही परकीच होती. पुढे उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. आज जिल्हा न्यायालयात मराठी आहे. पण वैद्याची व वकिलाची विद्या इंग्रजीत राहिली, आणि तांड्यावरची स्त्री घरी गोरमाटी बोलते.

या अंतराचे मोल केवळ भाषिक नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्यशासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा प्रसंगी प्रश्न सही किंवा अंगठा आहे की नाही एवढाच नसतो. तो उमटविताना समजले काय, हा असतो. ‘संमती’ हा शब्द कागदावर मराठी असून भागत नाही, त्यामागचे सांगणेही रोगिणीच्या भाषेत झालेले असावे लागते.

म्हणून जोडअभ्यासक्रम अवश्य निघावा. 2017 साली छत्रपती संभाजीनगरात सुरू झालेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि हिंगोली ज्याच्या कक्षेत येते ते नांदेडचे विद्यापीठ यांना तो एकत्र आखता येईल. मात्र वाचलेले वर्ष निव्वळ वाचविण्यासाठी नसावे. ते जिल्हा रुग्णालयात आणि तालुका न्यायालयात, लोक ज्या भाषेत दुखणे व तक्रार सांगतात ती ऐकण्यात घालवावे. उस्मानियाच्या प्रयोगात जे राहून गेले, ते एवढेच होते.