भंडाऱ्याचे स्टेशन भंडाऱ्यात का नाही?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेल्या गाडीतून ‘भंडारा रोड’ या स्थानकावर उतरावे, तर आपण वरठी गावात असतो. भंडारा शहर तेथून दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटर. शहापूर तर आणखी पलीकडे, नागपूर-भंडारा रस्त्यावर. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला लोहमार्गाने अशी बगल का दिली, आणि त्यातून पुढे काय घडले, हे आजच्या धाग्यात पाहू.

रस्ता लोहमार्गाहून जुना. नागपूर ते रायपूर या इंग्रजकालीन मार्गाला ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. मौद्याच्या अलीकडे कन्हान ओलांडायची, शहापूरवरून भंडारा गाठायचे, कारध्यापाशी वैनगंगा पार करून साकोली, देवरीमार्गे छत्तीसगढात उतरायचे. छत्तीसगढचे धान्य पश्चिमेकडे आणि मीठ पूर्वेकडे नेणारे बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे या मुलखाचे खरे वाहतूकदार होते.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मुंबईकडून नागपुरास पोहोचली आणि तेथेच थांबली. पुढचा टप्पा म्हणजे छत्तीसगढचे धान्य रुळांवर आणणारी ‘नागपूर-छत्तीसगढ रेल्वे’. ती मीटरगेज होती आणि १८८० साली धावू लागली. मात्र तिने जुन्या रस्त्याची साथ धरली नाही. ती आधी उत्तरेस कामठीला गेली, कारण तेथे १८२१ पासून लष्करी छावणी होती. नकाशा समोर ठेवा: कामठीहून तुमसरच्या बाजूस निघालेल्या रुळांनी भंडाऱ्यासाठी दक्षिणेस वळसा घ्यावा, असे काही दिसत नाही. माझ्या मते भंडाऱ्याचे स्टेशन हुकले ते कामठीतच.

येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्थानकाच्या नावात ‘रोड’ आला की समजावे, मूळ गाव दूर आहे, उरलेली वाट रस्त्याने काढा. नाशिक रोड तुम्हांला ठाऊकच आहे. भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला अशी दोन स्थानके आली, भंडारा रोड आणि तुमसर रोड!

१८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही मीटरगेज विकत घेऊन ब्रॉडगेज केली, आणि धान्याची ही वाट मुंबई-कलकत्ता महामार्गाचा दुवा बनली. याचा खरा लाभ झाला गोंदियाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथून उत्तरेस जबलपूरकडे आणि दक्षिणेस नागभीड-चांद्याकडे अरुंद रूळ निघाले. एक लहानसे गाव जंक्शन झाले. भात, तेंदूपत्ता, विडी यांचा व्यापार तेथे एकवटला. भंडारा मात्र कचेऱ्यांचे आणि पितळी भांड्यांचे गाव राहिले. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. त्याला राजकीय कारणे होतीच. पण जिल्ह्याचा दुसरा मध्यबिंदू रुळांनी शतकभर आधीच तयार करून ठेवला होता.

मग रूळ भंडाऱ्यात कधी आलेच नाहीत का? आले, परंतु प्रवाशांसाठी नव्हे. १९६० च्या दशकात शहापूरनजीक जवाहरनगर येथे आयुध निर्माणी उभी राहिली. स्फोटके बनवणाऱ्या या कारखान्याच्या मालासाठी वरठीहून भंडारामार्गे जवाहरनगरपर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला. जिल्ह्याच्या शहराला जे हवे होते ते कारखान्याला मिळाले. भंडारेकरांनी आपल्या दारातून मालगाडी जाताना पाहिली आणि स्वतःची गाडी पकडायला ते वरठीलाच जात राहिले.

शहापूरचा आधार अर्थातच रस्ता. ग्रेट ईस्टर्न रोड पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, आणि २०१० च्या फेरक्रमांकनात ५३. जवाहरनगरचा कामगार, नागपूरला शिकणारा विद्यार्थी, भंडाऱ्याच्या कचेरीत निघालेला शेतकरी, सारे आजही याच वाटेवर एसटीची वाट पाहत उभे असतात. ‘ठाणा पेट्रोल पंप’ हे येथील थांब्याचे नाव. या भागात पत्ता सांगताना आजही त्याचीच खूण दिली जाते.