कंठ फुटणे : बालनटांच्या वयाविषयी एक विचार

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, गायक आणि नाटक मंडळ्या यांची चर्चा विपुल झालेली आहे. परंतु कोवळ्या वयात मंडळीत आलेला मुलगा प्रौढ कसा झाला, हा प्रश्न बहुधा चरित्राच्या पहिल्या प्रकरणातच संपतो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार मुख्यतः केशवराव भोसले यांच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

केशवरावांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. अगदी लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. यातील विसंगती लक्षणीय आहे. मुलीवर अकाली लादल्या जाणाऱ्या विवाहाचा निषेध करणारे हे नाटक. आणि त्यातील शारदा उभी करणारा मुलगा स्वतःच अकाली मिळवता झालेला! पहिल्या गोष्टीत प्रेक्षकांना अन्याय दिसला. दुसरीचे त्यांनी कौतुक केले.

मंडळी हेच अशा मुलाचे घर आणि तालीम हीच त्याची शाळा. मात्र त्याच्या मोलाला मुदत होती. ‘कंठ फुटणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार येथे उद्बोधक ठरतो. पाखराला कंठ फुटतो म्हणजे ते गाऊ लागते. मुलाला कंठ फुटतो म्हणजे त्याचा बालस्वर जाऊन पुरुषी आवाज येतो. एकच क्रियापद प्राप्ती आणि हानी या दोहोंना पुरते. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होत. निसर्गाने त्याला मोठे केले की त्याला आपला व्यवसायही नव्याने मांडावा लागे.

रंगभूमीची भाषा मात्र हे वाढणे सहसा नोंदवीत नाही. ‘मास्टर’ ही इंग्रजीत अल्पवयीन मुलाच्या नावामागे लावण्याची उपाधी. पण मास्टर दीनानाथ आणि मास्टर कृष्णराव यांना ती प्रौढपणीही चिकटून राहिली. नारायणराव राजहंस १९६७ साली ७९ व्या वर्षी निवर्तले, ते ‘बाल’गंधर्व म्हणूनच. नावात बालपण टिकले; प्रत्यक्षात ते किती वाट्याला आले, हा निराळा प्रश्न.

मोठे होण्याचा एक मार्ग या नटांनी स्वतः शोधला : मालकी. केशवरावांनी १९०८ साली हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापिली, तेव्हा ते अवघे १७ वर्षांचे होते. दीनानाथ मंगेशकर १९१८ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून ‘बळवंत संगीत मंडळी’च्या संस्थापकांत सामील झाले, तेही सतराव्या-अठराव्या वर्षी. या घटना आपण नाट्यसंस्थांच्या इतिहासात नोंदवितो. त्या वयात येण्याच्या इतिहासातही नोंदविल्या पाहिजेत. कमावणारा मुलगा आपल्या कमाईचा धनी झाला, असा त्यांचा अर्थ आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. ३३ वर्षांचे बालगंधर्व भामिनी, तर एकेकाळची शारदा असलेले केशवराव धैर्यधर. एकाने स्त्रीभूमिकेतच प्रौढत्व गाठले, दुसऱ्याने पुरुषभूमिकेत. कंठ फुटल्यानंतरच्या दोन्ही वाटा त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. वय ३१, त्यातील फारच थोडी वर्षे रंगभूमीबाहेरची.

भारतात २०१७ च्या नियमांनी दृक्श्राव्य करमणुकीतील बालकलावंताचे काम दिवसाला पाच तासांपुरते मर्यादित केले आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे ठेवणे बंधनकारक केले. वेळ आणि मिळकत यांवरील मुलाचा हक्क कायद्याच्या अक्षरात आला, ही समाधानाची गोष्ट. परंतु केशवरावांच्या काळी हा हक्क मिळविण्यासाठी एका मुलाला आधी मंडळीचा मालक व्हावे लागले, हे रंगभूमीच्या वैभवाचे वर्णन करताना विसरून चालणार नाही.