मूळ आणि अस्सल

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. राजा रथातून भिक्षूच्या भेटीस आला होता. नागसेनाने त्याला विचारले की, ज्यात बसून आपण आलात तो रथ म्हणजे नेमके काय? आख म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडा, जू, साटा यांपैकी कशाला रथ म्हणावे? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणत गेला. आणि अखेरीस, या सर्व अवयवांच्या आधारे आपण ‘रथ’ असे नाव देतो, एवढेच त्याला कबूल करावे लागले.

हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या करमणुकीचा आहे असे कोणी समजू नये. सुमारे दोन हजार वर्षांनंतर, १९९० साली, इंग्लंडच्या उच्च न्यायालयात तो पुन्हा उभा राहिला. या वेळी रथाच्या जागी एक मोटारगाडी होती आणि तिच्या नावावर एक कोटी पौंडांचा व्यवहार अडून राहिला होता. जुनी शर्यतीची मोटार बाळगणे, तिची निगा राखणे आणि तिच्यात फेरबदल करणे हा श्रीमंतांचा छंद म्हणून आपण सोडून देतो. परंतु एखादी वस्तू इतकी वर्षे ‘तीच’ कशी राहते, या प्रश्नाचे या छंदाच्या इतिहासाने जे उत्तर दिले, ते आपण सर्वांनीच ऐकण्यासारखे आहे.

ज्या गाड्यांच्या निमित्ताने हा वाद झाला त्यांचा जनक वॉल्टर ओवेन बेंटली. त्याचा जन्म १८८८ चा. उमेदवारीची वर्षे त्याने डाँकास्टर येथील रेल्वेच्या कारखान्यात काढली आणि आगगाडीच्या इंजिनांची भक्कम बांधणी त्याच्या नजरेत कायमची बसली. पहिल्या महायुद्धात त्याने विमानांची इंजिने तयार केली आणि १९१९ साली लंडनच्या क्रिकलवुड भागात मोटारींची कंपनी काढली. तिची पहिली गाडी तीन लिटरची. तिच्या चार सिलिंडरांपैकी प्रत्येकात चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग होते, आणि सिलिंडरांचे डोके व धड एकाच ओतीवात ओतलेले होते. वेगाला अशी बांधणी अनुकूल. दुरुस्तीला मात्र कठीण. अन्य इंजिनांत वरचे डोके काढले म्हणजे व्हॉल्व्ह घासता येतात. येथे सबंध धड उचलावे लागे. पुढील काळात ज्यांनी या गाड्या सांभाळल्या त्यांच्या चिकाटीची परीक्षा याच ओतीवाने घेतली.

फ्रान्समधील ल मान्स या गावी १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत भरू लागली. बेंटलीने ती १९२४ साली जिंकली आणि नंतर १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे जिंकली. पैकी १९२७ चा विजय आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि बेंटलीच्या तिन्ही गाड्या त्यात सापडल्या. त्यांतील एकच कशीबशी बाहेर निघाली. पुढचा आख वाकलेला, एक दिवा फुटलेला, अशा अवस्थेत ती रात्रभर धावली आणि दुसऱ्या दिवशी पहिली आली. विजय मिळाला तो कारखान्यातून कोऱ्या निघालेल्या गाडीला नव्हे, तर जागच्या जागी ठाकठीक केलेल्या गाडीला!

शर्यती जिंकूनही कंपनीचा जमाखर्च जुळला नाही. १९३१ साली ती मोडीत निघाली आणि रोल्स रॉइसने विकत घेतली. क्रिकलवुडच्या बारा वर्षांत एकूण सुमारे तीन हजार गाड्या तयार झाल्या होत्या. पुढे त्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि येथूनच छांदिष्टांचा इतिहास सुरू होतो. नव्या गाड्यांच्या गुळगुळीत सुखसोयींत ज्यांचे मन रमेना, अशा बेताच्या मिळकतीच्या तरुणांनी १९३४ साली ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स कार क्लब’ काढला. या मंडळाने ‘व्हिंटेज’ या शब्दाची सीमा १९३० अखेर आखली. पाठोपाठ १९३६ मध्ये ‘बेंटली ड्रायव्हर्स क्लब’ निघाला. वस्तुसंग्रहालये या गाड्यांकडे वळण्याच्या कितीतरी आधी हौशी माणसांनी त्या भंगारात जाण्यापासून वाचविल्या, हे विसरता येणार नाही.

अशी गाडी सांभाळणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना यावी. वेगाची कळ मधोमध, क्लच व ब्रेक यांच्या दरम्यान आहे. सवयीने पाय टाकणाऱ्याची गाडी थांबण्याऐवजी उसळावयाची. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून इंजिनाची गती कानाने जुळवावी लागते. कान चुकला की दात्यांचा खडखडाट. बेअरिंगे झिजली तर पांढऱ्या धातूचा रस ओतून ती नव्याने घडवावी लागतात आणि मापाला आणावी लागतात. मॅग्नेटोची वेटोळी उलगडून पुन्हा गुंडाळावी लागतात. पिस्टन, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, टायर हे सारे झिजणारे, म्हणजेच बदलावे लागणारे. तात्पर्य, चालती गाडी म्हणजे निरंतर बदलणारी गाडी. जिचा एकही भाग बदललेला नाही अशी जुनी शर्यतीची गाडी शोधू गेलो, तर बहुधा जी कधी फारशी धावलीच नाही अशीच गाडी हाती येईल.

झीज भरून काढणे वेगळे आणि हेतुपुरस्सर फेरबदल करणे वेगळे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप योग्य आहे. परंतु असा फेरबदलही गाडीइतकाच जुना आहे. सर हेन्री बर्किन या शर्यतपटूला साडेचार लिटरच्या बेंटलीचा वेग अपुरा वाटू लागला. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर तिला जोडावा असा त्याचा आग्रह. अँहर्स्ट व्हिलियर्स याने तो यंत्रभाग तयार केला आणि डोरोथी पॅजेट या धनाढ्य स्त्रीने पैसा पुरविला. बेंटलीला स्वतःला हे मुळीच पसंत नव्हते. अधिक शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, त्याच्या घशात हवा कोंबू नये, असे त्याचे मत. निर्मात्याचे मत प्रमाण मानले तर सुपरचार्जरची गाडी अपभ्रष्ट ठरते. ल मान्सच्या शर्यतीत तिला कधी यश आले नाही हेही खरे. परंतु १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीत बर्किनने तिला दुसरे स्थान मिळवून दिले. ज्या गाडीला तिच्या जनकाने नाक मुरडले, तीच आज या घराण्यातील सर्वांत नावाजलेल्या गाड्यांत मोडते.

पुढच्या पिढ्यांतील मालकांनी याच वाटेवर पावले टाकली. तीन लिटरच्या सांगाड्यात साडेचार लिटरचे इंजिन बसविणे, सांगाडा आखूड करणे, हे प्रकार वाढले. त्यांत एक गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे. क्रिकलवुडचा कारखाना फक्त सांगाडा व यंत्र देत असे. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसरे कारागीर बांधीत. त्यामुळे अनेक बेंटली गाड्या मुळात बंद, शांत, कुटुंबवत्सल अशा होत्या. पुढे छांदिष्टांना हव्या होत्या त्या ल मान्सच्या धर्तीच्या उघड्या हिरव्या गाड्या. म्हणून कित्येक बंद गाड्यांच्या बॉड्या उतरवून फेकण्यात आल्या आणि त्यांवर शर्यतीचा साज चढला. विजयी वीरांच्या प्रतिमा वाढत गेल्या. जे साधे संसारी होते ते नाहीसे झाले. इतिहासाच्या प्रेमापोटी इतिहासाचा एक भाग पुसला जातो, तो असा.

आता त्या खटल्याकडे वळू. साडेसहा लिटरच्या ‘स्पीड सिक्स’ जातीची एक गाडी १९२९ साली ल मान्सला पहिली आली. दुसऱ्या वर्षीही तिचाच पहिला क्रमांक. वुल्फ बार्नाटो हा दोन्ही वेळचा चालक. पहिल्या वर्षी त्याच्या जोडीला बर्किन होता, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. या गाडीला ‘ओल्ड नंबर वन’ असे नाव पडले. १९३१ मध्ये ब्रुकलंड्‌स येथील पाचशे मैलांची शर्यत तिने जिंकली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन घालण्यात आले आणि त्याच शर्यतीत ती उंच कडेवरून खाली कोसळली. चालक क्लाइव्ह डन्फी जागीच मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, रस्त्यावर फिरली आणि पुढे अनेक हातांतून गेली. १९९० मध्ये मालकाने ती विकण्याचा करार केला, तेव्हा घेणाऱ्यांनी ऐनवेळी हरकत घेतली, की ही ती गाडीच नव्हे.

न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाची तपासणी केली. जणू नागसेनाचीच प्रश्नावली! १९२९ च्या विजयी गाडीचे, काळ ठरविता न येणाऱ्या काही किरकोळ वस्तू वगळता, काहीही उरलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९३० च्या गाडीची उरली होती ती पेडलांची दांडी, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. सांगाडा आणि इंजिन १९३२ च्या, म्हणजे अपघातसमयीच्या गाडीचे. हे सर्व मान्य करूनही त्यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. ही गाडी ‘मूळ’ आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती ‘अस्सल’ आहे. कारण एक गाडी संपली आणि तिच्या जागी दुसरी आली, असा क्षण तिच्या आयुष्यात कधीच आला नाही.

नागसेनाचाच आणखी एक दृष्टांत येथे आठवतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एक नव्हे. तथापि दिवा रात्रभर एकच जळत असतो. तेल बदलते, वात झिजते; खंड मात्र पडत नाही. न्यायमूर्तींनी तो दृष्टांत वाचला असेल वा नसेल, त्यांच्या निकालाचा आशय तोच आहे.

मात्र खंड पडला नाही हे सिद्ध कसे झाले? कारखान्याची दप्तरे, शर्यतींची वृत्ते आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे झालेल्या हस्तांतराच्या नोंदी यांच्या आधारे. गाडीचा सर्वांत मोलाचा भाग लोखंडाचा नसून कागदाचा असतो, असे म्हटले तर सरकारी नोकराच्या तोंडी ते शोभून दिसेल; पण ते खरेही आहे. बदल करणे हे पाप नव्हे. बदल लपविणे हे पाप. जुना भाग काढला तर तो जपून ठेवावा, नव्यावर तारीख घालावी आणि जे केले ते लिहून ठेवावे.

आपल्या देशातही हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पुढील नोंदणीस ५ हजार रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही इंग्रजी अक्षरे येतात. परंतु आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. प्रदर्शन, मेळावा, संशोधन अशा प्रसंगी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे. मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्यात भरीव फेरफार झालेला नसावा.

अट रास्त आहे. तथापि आपल्या इकडचा इतिहास ध्यानी घ्यावयास हवा. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. कितीतरी विलायती गाड्या गावोगावच्या मिस्त्र्यांनी हाताशी येईल त्या सामानावर जगविल्या. इंजिन एकीचे, गिअरबॉक्स दुसरीचा, लेथवर उतरविलेला एखादा भाग तिसऱ्याच मापाचा! हा फेरबदल हौसेचा नव्हता, निकडीचा होता. त्या मिस्त्र्याचा हात हाही त्या गाडीच्या चरित्राचा भाग आहे. आज मूळ स्वरूप आणण्याच्या भरात ती सारी जोडकामे उखडून भंगारात टाकली, तर गाडी कदाचित अधिक मूळ होईल. अधिक अस्सल होईलच असे नाही. निदान उखडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, मिस्त्री हयात असेल तर त्याला विचारून टिपण करावे, एवढे तर आपल्या हातचे आहे.

जुन्या गाडीचा मालक हा खऱ्या अर्थाने मालक नसतोच. काही वर्षांपुरता तो तिचा विश्वस्त असतो. तिला चालती ठेवायची तर तिच्यात बदल करावाच लागेल. आपल्या हातून झालेला बदल पुढच्या माणसाला वाचता येईल असा ठेवणे, इतकेच इतिहास त्याच्याकडे मागतो.