कक्षेचा आकडा आणि ह्युजेन्सचा रिसीव्हर

१/ १५ ऑक्टोबर १९९७. फ्लोरिडातील केप कॅनाव्हरलवरून ‘कॅसिनी’ यान शनीकडे झेपावले. त्याच्या कडेवर ‘ह्युजेन्स’ हे युरोपीय अवतरणयान होते. शनीचा चंद्र टायटन याच्या दाट धुक्यातून ते खाली उतरणार होते आणि त्याची क्षीण हाक वरून जाणारे कॅसिनी ऐकणार होते. ह्युजेन्सचे सारे फलित त्या कानांवर विसंबले होते. त्या कानांतच दोष होता, आणि पुढची सव्वादोन वर्षे तो कुणालाही ठाऊक नव्हता.

२/ जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते, हा डॉप्लर परिणाम शाळेपासून परिचित आहे. मूळ आराखड्यानुसार कॅसिनी ह्युजेन्सच्या दिशेने सेकंदाला सुमारे ५.५ किमी वेगाने येणार होते. कक्षा आखणाऱ्यांच्या कोष्टकांत हा आकडा होताच. त्यामुळे वाहक लहरीची वारंवारता सरकेल, हे रिसीव्हर घडवणाऱ्यांनीही गृहीत धरले होते. परंतु त्या लहरीवर स्वार झालेल्या बिटांचा तालही त्याच प्रमाणात बदलतो, ही गोष्ट रचनेत उतरली नाही. बदल तरी केवढा? लाखात जेमतेम दोन. बिटांचा ताल पकडणाऱ्या मंडलाला मात्र तेवढाही पेलवणारा नव्हता. आणि त्यातील आज्ञावली पृथ्वीवरून बदलता येत नव्हती.

३/ उड्डाणापूर्वी पूर्ण चाचणी झाली असती तर? ती करायची म्हणजे यानाचे काही भाग सुटे करून त्यांची पुन्हा तपासणी करणे आले. म्हणून ती टळली.

४/ येथे बोरिस स्मेड्स यांचा प्रवेश होतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या डार्मश्टाट येथील केंद्रातील हे स्वीडिश अभियंते. केवळ वाहक लहर पाठवून पाहण्याची सोपी चाचणी पुरेशी आहे, असे अनेकांचे मत होते. स्मेड्स अडून बसले. ह्युजेन्सच्या माहितीसारखी माहिती, आणि तिच्यात कक्षेच्या गणितातून येणारा डॉप्लर बदल कृत्रिमरीत्या मिसळलेला, असा हुबेहूब संकेत त्यांना पाठवायचा होता. फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या अँटेनावरून तो कॅसिनीकडे गेला. वाहक लहर स्वच्छ ऐकू आली. माहितीचा मात्र चुराडा झाला होता.

५/ ही कथा बहुधा एका चिकाटीच्या माणसाची म्हणून सांगितली जाते, आणि ते रास्तही आहे. पण अधिक अस्वस्थ करणारी बाब निराळी आहे: कक्षेचे गणित अचूक होते, रिसीव्हरही त्याला सांगितलेले काम चोख करत होता. दोन्ही एकाच प्रतिरूपात एकत्र बसवून कुणी पाहिले नव्हते.

६/ रिसीव्हर बदलता येईना, तेव्हा कक्षाच बदलायचे ठरले. २००१ मध्ये नासा व युरोपीय संस्थेच्या संयुक्त कृतिदलाने आता रिसीव्हरच्या मर्यादांवरून मार्ग शोधला. कॅसिनी टायटनपासून सुमारे १,२०० किमीवरून जाणार होते. ते अंतर सुमारे ६०,००० किमी करण्यात आले. वेग तसाच राहिला तरी यान समोरून न येता बाजूने जात असले की ह्युजेन्सच्या दिशेचा वेग घटतो आणि डॉप्लर बदलही आटोक्यात येतो. या फेरआखणीत ह्युजेन्सची सुटका लांबून २५ डिसेंबर २००४ वर गेली.

७/ १४ जानेवारी २००५. सुमारे अडीच तासांच्या अवतरणानंतर ह्युजेन्स टायटनवर टेकले आणि त्यानंतरही तासाहून अधिक काळ कॅसिनीला त्याचा आवाज येत राहिला. बिटांचा ताल कोठेही सुटला नाही. तरीही दोनपैकी एक वाहिनी मुकीच राहिली, कारण तिच्या रिसीव्हरसाठीची एक आज्ञा कार्यक्रमात घालायचीच राहून गेली होती! सुमारे ७०० छायाचित्रांपैकी निम्मी त्यात गेली. त्याच वाहिनीवर विसंबलेले वाऱ्याचे मोजमाप मात्र पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणींनी ह्युजेन्सची वाहक लहर थेट टिपल्यामुळे बऱ्याच अंशी वाचले.