वेग आधी की व्हिडिओ? 'ब्रॉडबँड' या शब्दाचा छोटा इतिहास

"घरी एवढं वेगवान इंटरनेट हवंय कशाला? त्यावर बघण्यासारखं तेवढं आहे तरी का?" हा प्रश्न तुम्हीही कधीतरी ऐकला असेल. संशोधनाच्या दृष्टीने तो फार कामाचा आहे, कारण त्यात एक सापळा दडलेला आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करू. १९९९ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने (एफसीसी) सेकंदाला २०० किलोबिट वेग म्हणजे पुरेसं वेगवान इंटरनेट, असं ठरवलं. हा आकडा आला कुठून? पुस्तकाची पानं उलटावीत तितक्या झटपट वेबपानं उघडावीत आणि चालतं चित्र दिसावं, एवढी अपेक्षा धरली होती. म्हणजे बघा, मोजपट्टी वेगाची, पण ती आखली त्या काळच्या मजकुरावरून.

पुढे काय झालं? केबल आणि डीएसएल घरोघरी पोचलं. २००५ मध्ये यूट्यूब आलं, २००७ मध्ये नेटफ्लिक्सने स्ट्रीमिंग सुरू केलं. २०१० मध्ये आयोगाने मापदंड ४ मेगाबिटवर नेला आणि २०१५ मध्ये थेट २५ वर.

२०१५ चा वाद मुळातून समजून घ्या. नेटफ्लिक्सचं म्हणणं होतं, फोर-के व्हिडिओसाठी २५ मेगाबिट हवेत. केबल कंपन्यांच्या संघटनेने उलट विचारलं, फोर-के बघणारे आहेतच किती? दोघांचेही हितसंबंध उघड होते. पण संघटनेच्या युक्तिवादातली खोच ओळखा. गावाला रस्ता नाही म्हणून एसटी येत नाही, मग "एसटीने जाणारे आहेतच किती?" असं विचारून रस्ता नाकारायचा! लोकांकडे जो वेग असतो, त्याला झेपेल असाच मजकूर बनतो. त्यामुळे आजच्या वापरावरून गरज मोजली, तर आजचा वेग नेहमीच पुरेसा वाटणार.

मग जितका वेग जास्त तितकं चांगलं, असं म्हणायचं का? थांबा. २०१० मध्ये गूगलचे माइक बेल्शे यांनी विलंब तोच ठेवून फक्त बँडविड्थ वाढवली आणि वेबपान उघडायला लागणारा वेळ मोजला. १ वरून २ मेगाबिटवर जाताना मोठा फरक पडला. ५ वरून १० वर जाताना जेमतेम ५ टक्के. कारण साधं आहे. वेबपान म्हणजे अनेक छोट्या फायली. खरा वेळ जातो तो सर्व्हरशी होणाऱ्या ये-जा निरोपांत. नळ रुंद केला म्हणून पाणी टाकीपासून लवकर निघत नाही. विलंब कमी केल्यावर मात्र वेळ सरळ प्रमाणात घटत गेला.

म्हणजे "मजकूर" हा एकच चल नाही. वेबपानाला विलंब महत्त्वाचा, चित्रपटाला डाउनलोड, व्हिडिओ कॉलला अपलोडही. त्यात घरात एकाच वेळी किती जण वापरतात, हे वेगळंच. फोर-केच्या एका प्रवाहाला १५ मेगाबिट धरले, तरी चार जणांना ६० लागतील. एकट्यादुकट्याला १०० घेऊन रोजच्या वापरात फारसा फरक जाणवणार नाही. आयोगाचा २०२४ चा मापदंड १०० डाउनलोड, २० अपलोड असा आहे.

आपल्याकडेही हा आकडा बदलत गेला: २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२, २०२३ मध्ये २ मेगाबिट. हे वाचताना लक्षात ठेवा, व्याख्या म्हणजे किमान मर्यादा. तिच्यावरून प्रत्यक्ष वेग कळत नाही. आणि तिच्यात काय मोजलंच जात नाही, तेही तपासा.

माझं मत विचाराल तर, मजकूर वेगाच्या मागणीचं समर्थन करतो, पण एका मर्यादेपर्यंत, आणि ती मर्यादा घरागणिक बदलते. तुमच्या प्रबंधात "गरज" हा शब्द आला, की स्वतःला तीन गोष्टी विचारा: कोणाची, कशावरून मोजली, आणि जे मोजलं तेच मुळात उपलब्ध पुरवठ्याने घडवलेलं नाही ना? तिसरा प्रश्न सुटला, तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो.