रेड होती, तरी मशीन उठेना

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. बीडला एप्रिलमध्ये लाईट जाणं ही काही बातमी नाही, पण त्या दुपारी ती दहा मिनिटांत तीनदा गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. लाईट आल्यावर लॅबमधला जुना सर्व्हर चालू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करायला डिस्क सापडत नाही. आत चार टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये जोडलेल्या आणि त्यांवर माझा दोन वर्षांचा डेटा. "एक डिस्क गेली तरी काही होत नाही," असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. गेली होतीही एकच.

एका मित्राने लगेच सल्ला दिला, "फॉरमॅट मार, नव्याने टाक." खरं सांगतो, मी इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावलाही होता. थांबलो ते एका साध्या प्रश्नामुळे: तीन डिस्क धडधाकट आहेत, मग मशीनला त्या दिसत का नाहीत?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला. त्यातला बायोस हा प्रोग्राम फार भोळा. १९८३ मध्ये पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि एक रीत कायमची पडली: डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्स, वाचायचा आणि त्यात जे असेल ते चालवायचं. त्यातले ६४ बाइट्स पार्टिशनच्या तक्त्याला, २ सहीला. प्रोग्रामसाठी उरतात ४४६. साधारण तीन एसएमएसएवढी जागा! तेवढ्यात "पुढचा प्रोग्राम अमुक ठिकाणी आहे" एवढंच मावतं.

रेड आली ती नंतर. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा पेपर १९८८ चा. आयबीएम ३३८० सारखी एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त छोट्या डिस्क एकत्र जोडा, हा त्यांचा मुद्दा. (रेडमधला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा होता, पुढे तो 'इंडिपेंडंट'चा झाला.) पेपर जरूर वाचा, भाषा सोपी आहे. पण त्यांचा प्रश्न वेगाचा आणि बिघाडाचा. मशीन मुळात उठणार कसं, हा त्यांचा विषयच नव्हता.

याच १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये दाखवलेला परम ८००० हाही त्याच जातीचा विचार: एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक छोटे ट्रान्सप्युटर. गंमत म्हणजे ट्रान्सप्युटरमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम शेजाऱ्याकडून तारेवरून घ्यायची सोय मुळातच होती. 'पहिलं कोण उठणार' हा प्रश्न तिथे डिझाइनमध्येच सोडवला होता. पीसीवर तो कुणी सोडवला नव्हता.

पीसीवर झालं असं की रेड समजणारं सॉफ्टवेअर डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तेच सॉफ्टवेअर आधी हवं. कुलूप लावलं आणि किल्ली आतच राहिली.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी रेड कार्ड घेतलं. कार्ड स्वतःच डिस्क जोडतं आणि बायोसला एकच डिस्क दाखवतं. पण मग ऑपरेटिंग सिस्टिमला त्या कार्डचा ड्रायव्हर लागतो. विंडोज एक्सपी टाकताना सुरुवातीलाच एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागायचा. ड्रायव्हर नसेल तर निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

लिनक्सवाल्यांनी वेगळी युक्ती केली. सॉफ्टवेअर रेडची माहिती डिस्कच्या शेवटी लिहायची. मग आरसा पद्धतीतली, म्हणजे रेड १ ची, कोणतीही एक डिस्क सुरुवातीकडून वाचली तर साधी डिस्कच वाटते. जुना ग्रब यावरच चालायचा. म्हणून बूटचा छोटा भाग रेड १ मध्ये आणि बाकी सगळं रेड ५ मध्ये, ही रीत पडली. पुढे ही माहिती सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर लिहायची पद्धत रूढ झाली, तेव्हा ती युक्ती बिघडली. पण ग्रब २ रेड ५ सुद्धा स्वतः वाचायला शिकला होता. तरीही ग्रबचा पहिला तुकडा बायोसच वाचतो, आणि तो प्रत्येक डिस्कवर वेगळा लिहावा लागतो.

माझं घोडं इथेच अडलं होतं. इन्स्टॉल करताना "ग्रब कुठे टाकू?" या प्रश्नाला मी पहिली डिस्क निवडून पुढे गेलो होतो. मेली तीच. डेटा चार डिस्कवर वाटलेला, दार मात्र एकाच डिस्कला.

तुमचं मशीन नवं असेल तर म्हणाल, आमच्याकडे यूईएफआय आहे. तिथेही तेच, फक्त जागा बदलते. फर्मवेअर फॅट पद्धतीचं एक छोटं पार्टिशन वाचतं आणि त्याला लिनक्सची रेड कळत नाही. ते पार्टिशनही प्रत्येक डिस्कवर हवं.

दुरुस्ती तशी छोटी निघाली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं आणि उरलेल्या तीन डिस्क 'असेंबल' केल्या. इथे सावध राहा: 'असेंबल' म्हणजे आहे ती रेड जोडणं, 'क्रिएट' म्हणजे नवी बनवणं, घाईत दुसरा शब्द टाइप झाला तर डेटा जाऊ शकतो. फोल्डर दिसले तेव्हा हात थरथरत होते. तीन डिस्कवरच्या रेड ५ ला आणखी एक धक्का सोसत नाही, म्हणून आधी सगळा डेटा बाहेर कॉपी केला, मग तिन्ही डिस्कवर ग्रब टाकला.

नवी डिस्क आल्यावर रीसिंकला अख्खी रात्र गेली; मी यूपीएसशेजारी खुर्ची टाकून बसलो. सकाळी नव्या डिस्कवरही ग्रब टाकला आणि चारही डिस्कच्या कप्प्यांवर मार्करने सिरियल नंबर लिहिले. मग मशीन बंद करून मुद्दाम पहिली डिस्क काढली आणि बटण दाबलं. लॉगिन आलं. डिस्क परत लावून पुन्हा रीसिंक, पुन्हा रात्र.