पडदा कोणी धरला? नाशिक, दादासाहेब फाळके आणि उजेडाबाहेरची माणसे

१/
१२ एप्रिल २०२०, ईस्टरचा रविवार. रिओ दि जानेरो शहराच्या डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या ख्रिस्ताच्या भव्य पुतळ्याच्या अंगावर त्या रात्री डॉक्टरांचा पांढरा कोट दिसू लागला. कोट कापडाचा नव्हता, प्रकाशाचा होता. महासाथीत अहोरात्र राबणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शहराने केलेला तो नमस्कार होता. एरवी ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्यांच्यासाठी उघड्या आकाशाखाली उजेडाचे चित्र उभे राहिले.

२/
ही कल्पना आपल्याला अगदी आजची वाटते. परंतु प्रकाशझोताने चित्र उभे करण्याची कला महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि पडद्यामागचे काम पडद्यावर आणण्याचा एक प्रयत्न १९१७ सालीच झालेला आहे. तो करणारा माणूस नाशिकचा होता. आजचा धागा त्या प्रयत्नाविषयी आणि त्या उजेडाच्या बाहेर राहून गेलेल्या माणसांविषयी.

३/
आरंभ कल्याणपासून करू. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे कंदिलातून पडद्यावर पडत. पट्ट्या कौशल्याने सरकवल्या की चित्रातली पात्रे हालचाल करीत आहेत असा भास होई. सोबत निवेदन आणि संगीत. विनायक आणि रामचंद्र हे पटवर्धनांचे पुत्रही या उद्योगात होते. सिनेमा भारतात येण्यापूर्वीच मराठी प्रेक्षक अंधारात बसून उजेडाकडे पाहायला शिकला होता.

४/
७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. १८९९ साली सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. हलते चित्र आले, ते टिपणारा भारतीयही आला. मात्र संपूर्ण कथा सांगणारा, सर्वस्वी येथेच घडवलेला चित्रपट अद्याप व्हायचा होता.

५/
धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछाप, ठसे तयार करणे, जादूचे प्रयोग, असे सगळे त्यांनी करून पाहिले. मुद्रणाच्या धंद्यात नाव झाले, पण भागीदारांशी मतभेद होऊन तेथूनही ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेला हा गृहस्थ आता पुन्हा शून्यावर होता.

६/
१९१०-११च्या सुमारास गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांना तेथे राम-कृष्ण दिसू लागले. मग त्यांनी दिवसरात्र याच विषयाचा ध्यास घेतला. अतिताणाने काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परतली. पुढे आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले.

७/
लंडनहून येताना त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, तसेच कच्ची फिल्म आणि त्या फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर वाटाण्याचा वेल क्षणार्धात उगवून वर चढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसे मिळाले. येथवरची हकीकत आपण सर्वांनी वाचलेली असते. पुढे मात्र एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

८/
प्रश्न असा : ही सगळी कामे प्रत्यक्ष कोण करीत होते? त्या काळची कच्ची फिल्म अखंड पट्टीसारखी येई. तिला दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दात्यांवर चढत नसे. एक छिद्र चुकले तर पडद्यावरचे चित्र थरथरणार. शिवाय हे काम अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने करायचे. नंतर फिल्म धुणे, त्यासाठी रसायने मोजून मिसळणे, ती वाळवणे, जोडणे. यातले काहीही शिकवणारी शाळा देशात नव्हती.

९/
हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. दिवसा स्वयंपाक आणि मुलेबाळे, रात्री अंधारखोलीत फिल्म. त्यांनी आपले दागिने या उद्योगासाठी दिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेक लेखनात त्यांची कथा तेथेच संपते. वास्तविक दागिने देणे हा त्यांच्या वाट्याचा सर्वांत लहान भाग होता. छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे त्या हाताने करीत. कंपनीच्या साठ-सत्तर माणसांचे जेवणही त्यांच्याच चुलीवर होई.

१०/
आणखी एक काम होते. तेव्हा चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले. नटाच्या चेहऱ्यावर सावली पडली की समोरून पांढरी चादर धरून ऊन परतवावे लागे. भर उन्हात तासन्‌तास ती चादर धरून उभ्या राहणाऱ्यांत सरस्वतीबाई होत्या. क्षणभर हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. पात्राच्या मुखावर जो उजेड आहे, तो त्यांच्या हातांवरून तेथे पोहोचलेला आहे आणि त्या स्वतः चौकटीच्या बाहेर आहेत.

११/
‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळेना. खुद्द सरस्वतीबाईंना विचारले, तेव्हा ‘मग बाकीची कामे कोण करणार?’ अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तेथे महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. हेच साळुंके पुढे कॅमेराही चालवू लागले. खाणावळीतून पडद्यावर आणि पडद्यावरून कॅमेऱ्यामागे, असा त्यांचा प्रवास झाला.

१२/
पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा चालवला त्र्यंबक तेलंग यांनी. ते फाळक्यांचे त्र्यंबकेश्वरचे बालमित्र, फाळक्यांनीच त्यांना हे तंत्र शिकवले. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. म्हणून कोणी विचारलेच तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत’ असे सांगा, अशी सूचना मंडळींना होती. लोकलाजेपोटी सांगितलेली ही थाप आज मात्र खरी वाटते. ती फॅक्टरीच होती, आणि तिच्यात कामगार होते.

१३/
३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. लांबी ३७०० फूट, चार रिळे, तयारीला सुमारे सात महिने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फाळके आपला बाडबिस्तारा घेऊन नाशिकला आले. येथे गोदावरीचे घाट होते, दगडी मंदिरे होती, वाडे होते, डोंगर होते. पौराणिक कथेला लागणारा देखावा उभारण्याची गरजच नव्हती, गाव तो बाळगून होते.

१४/
नाशिकच्या पहिल्याच चित्रपटाने, ‘मोहिनी भस्मासुर’ने (१९१३) मोठा टप्पा गाठला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) यांनी त्यात भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील या पहिल्या स्त्री कलावंत. ज्या समाजात पुरुषही आपले काम चोरून सांगत, तेथे मायलेकी उजळ माथ्याने कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. एकट्याच्या बळावर मुलीला वाढवणाऱ्या दुर्गाबाईंसाठी हा शौक नव्हता, चरितार्थ होता.

१५/
१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राची वाखाणणी केली आणि तेथेच राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रणही आले. त्यांनी ते नाकारले. परतले तो पहिले महायुद्ध पेटलेले. भांडवल आटले, कच्ची फिल्म महागली. तरीही नाशिकचा कारखाना त्यांनी मोडू दिला नाही.

१६/
मग आले १९१७. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. जमलेल्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागत, अशी आख्यायिका या चित्रपटाविषयी सांगतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या वर्षीची दुसरी, आकाराने लहान चित्रफीत अधिक मोलाची आहे. तिचे नाव ‘चित्रपट कसे तयार करतात’.

१७/
नावात आहे तेच तिच्यात आहे. फाळके नटांना सूचना देत आहेत, फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून निरखत आहेत, कामे चालू आहेत. देवादिकांचे चमत्कार दाखवून प्रेक्षकांना थक्क करणाऱ्या माणसाने येथे स्वतःच जादूची पेटी उघडून आतले दात्याचे चक्र दाखवले. जादूगार असे करीत नाहीत, कारागीर करतात. आपले काम कष्टाचे, शिकण्याजोगे आणि सन्मानाचे आहे, हे पटवून देण्याची त्यांना गरज वाटत होती. त्याच वर्षापासून ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली, तीही याच ओघातली.

१८/
हे चित्रपट पाहिले कोणी? सिनेमागृहे मोठ्या शहरांत मोजकी होती. बाकी ठिकाणी पडदा तंबूत किंवा मैदानात उभा राही. स्वतः फाळके यंत्र, पडदा आणि रिळे बैलगाडीत घालून हिंडले. तीन आण्यांत दोन मैल लांबीचे चित्र पाहा, अशा थाटाच्या जाहिराती त्यांनी केल्या. हाताने यंत्राचा दांडा फिरवणारा, पडदा ताणून बांधणारा, गाडी हाकणारा ही माणसे नसती, तर त्या काळच्या खेड्याने चित्रपट पाहिलाच नसता. त्यांची नावे कोठल्याही रिळावर नाहीत.

१९/
१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आला, ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुढे भागीदारांशी खटके उडाले, फाळके काशीला गेले, परतले. मग बोलपट आला आणि मूकपटाची दुनिया मिटली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. १९६९पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो.

२०/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी थांबून विचार करावा. ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ हे बिरुद यथार्थ आहे, पण जनकापाशी आपण थांबतो. दादासाहेबांविषयी आपल्याकडे त्यांचे लेख आहेत, चित्रपट समितीपुढची साक्ष आहे, वाचलेली रिळे आहेत. सरस्वतीबाईंविषयी प्रामुख्याने कुटुंबीयांच्या आठवणी. ज्याने लिहिले त्याचा इतिहास झाला. जिने राबून केले तिची आख्यायिका झाली. आख्यायिका खोटी असते असे नव्हे, परंतु पुरस्कार मात्र इतिहासाला मिळतात.

२१/
याचा अर्थ फाळक्यांचे मोठेपण कमी करावे असा नाही. उलट स्वतःच्या कारखान्याचे दार उघडून कॅमेरा आत वळवणारा माणूस त्या काळात विरळाच. दिशा त्यांनी दाखवली. त्या उजेडाचे वर्तुळ रुंद करण्याचे काम आपले आहे. चादर धरणारे हात, दांडा फिरवणारे हात आणि साठ-सत्तर ताटे वाढणारे हातही त्या वर्तुळात यायला हवेत.

२२/
नाशिकमध्ये फाळके स्मारक आहे ते पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. तेथे गेलात तर डोंगरही चढा. वरच्या शिलालेखांत राजे आहेत, राण्या आहेत. पण एक लहानसे लेणे मुगुदास नावाच्या माणसाने सहपरिवार दिल्याचे लिहिले आहे. अभ्यासक त्याला कोळी मानतात. चैत्याच्या दर्शनी भागावर नाशिककरांनी मिळून दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाने साध्या माणसांची नावे दगडात कोरली. ज्याने ती कोरली त्या पाथरवटाचे नाव तेवढे तेथे नाही.

२३/
वरचा पाथरवट आणि खालची चादर धरणारी बाई यांच्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे, आणि दोघांची कथा एकच आहे. उद्या कोणी नाशिकच्या एखाद्या भिंतीवर प्रकाशाचे चित्र उभे करणार असेल, तर त्याला विषय शोधत दूर जावे लागणार नाही. उन्हात पांढरी चादर धरून उभी असलेली एक स्त्री, एवढेच चित्र पुरेसे आहे. या वेळी उजेड तिच्या चेहऱ्यावर पडू द्या.

२४/
आणि हा धागा येथवर वाचणाऱ्या तरुण मित्रांसाठी एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत, गावातल्या जुन्या नाटक मंडळीत, छापखान्यात किंवा तंबूतल्या सिनेमात काम केलेले कोणी वडीलधारे असतील, तर या आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. कोण काय काम करीत असे ते विचारा आणि नावानिशी, सालानिशी लिहून ठेवा. आज जे लिहिले जाईल, तेच उद्या पडद्यावर दिसेल.